कुठले कुलकर्णी?

आमचं आडनाव ऐकलं की लोक विचारतात, कुठले कुलकर्णी? आणि ते बरोबरच आहे, कारण कुलकर्णी म्हणजे गावाचं दफ्तर सांभाळणारा वतनदार, त्यामुळे नुसतं आडनाव सारखं म्हणून कोणी नातेवाईक ठरत नाही. १९५० च्या कायद्याने वतनं गेली, आडनाव मात्र चिकटून राहिलं.

मग कुलकर्णी हे आडनाव लागण्याआधी आपण कोण? आत्या म्हणाली, नाशिकला आपल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थाच्या ठिकाणी आपल्या घराण्याचे विधी करणाऱ्या गुरुजींकडे, घराण्याच्या नोंदींची वही असेल, बघ जाऊन. गुरुजींनी आधी मूळ गाव विचारलं आणि बरोब्बर ती लांबट वही काढली, त्यात खापरपणजोबांच्या हातची नोंद! मोडी लिपीत, वर सलग रेघ आणि खाली अक्षरं लोंबकळल्यासारखी, दोन शब्दांत जागाच नाही, गुरुजींनीच वाचून दाखवलं. आडनावाच्या जागी गावाचं नाव आणि पुढे ‘कर’, शिवाय तीन भावांची नावं, त्यातला एक भाऊ घरात कुणाला माहीतच नव्हता!! मला खरंच भरून आलं.

तुम्ही शोधणार असाल तर गाव, गोत्र आणि आठवतील तितक्या पिढ्यांची नावं आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या, आत्ताच. मी आता त्या माहीत नसलेल्या भावासाठी तहसीलमधले जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढतेय.