तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्याचा रंग वेगळा आहे, मिंट एरर असेल का?

हा प्रश्न मला वर्षभर येतो, दिवाळीच्या साफसफाईनंतर जरा जास्तच. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या कुठल्यातरी काकूंना देवघरातल्या डब्यात तांबूस पाचचं नाणं सापडतं, कुणाच्या मुलाला दुकानात सुट्ट्यांमध्ये पांढरं पाचचं मिळतं, कुणाकडे सोनेरी दोन रुपये असतात, आणि मग व्हॉट्सॲपवर फोटो आणि त्याखाली "काका, मिंट एरर आहे का, किती मिळतील?" दोन्ही प्रश्न एका दमात. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

मिंट एरर म्हणजे टांकसाळीत नाणं पाडतानाच झालेली चूक, आणि नुसत्या रंगावरून ती ठरत नाही. नाणं टांकसाळीत असतं काही दिवस आणि बाहेर असतं पन्नास वर्षं, त्यामुळे त्याच्या अंगावर जे काही दिसतं त्यातलं बहुतेक बाहेरच झालेलं असतं. मी समोर नाणं आलं की एवढंच बघतो की हा रंग टांकसाळीच्या आत आला असेल तर नक्की कुठल्या कामाच्या वेळी आला असेल? ते सांगता आलं नाही तर माझ्यापुरता विषय संपला, मग नाणं कितीही गुलाबी असो.

पण त्याच्याही आधी हे बघा की रंग खरंच चुकीचा आहे का. पाचचं साधं नाणं १९९२ पासून क्युप्रोनिकेलचं होतं, म्हणजे तांबं ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के, पांढरं, जाडजूड, ९ ग्रॅमचं. मग २००७ च्या सुमारास स्टीलचं आलं, तेही पांढरंच पण ६ ग्रॅमचं, आणि २००९ पासून निकेल ब्रासचं, म्हणजे निकेल घातलेल्या पितळेचं, पिवळं, सुरुवातीला तेही ६ ग्रॅमचंच. आता ज्या पोराने जन्मभर पिवळंच पाचचं बघितलंय त्याला २००७ चं स्टीलचं मिळालं की वाटणारच लॉटरी लागली. साल वाचा, चष्मा लावून वाचा. टिळकांचं पाच रुपयांचं २००७ चं स्मारक नाणं तर क्युप्रोनिकेलमध्येही आहे आणि स्टीलमध्येही, दोन्ही सरकारनेच काढलेली. नया पैसा १९५७ ला आला तो कांस्याचा, लालसर, नंतर १९६२ च्या आसपास निकेल ब्रासचा पिवळट झाला आणि १९६५ पासून पैसा ॲल्युमिनियमचा. आजोबांच्या पेटीत तिन्ही एकत्र निघाले की लोक मधल्याला एरर म्हणतात. इंग्रजांच्या काळातला एक आणा, दोन आणे एरवी पांढरे, पण १९४२ ते ४५ मध्ये पिवळे दिसतात कारण युद्धात निकेलची टंचाई होती म्हणून ते निकेल ब्रासचे पाडले. आलेल्या फोटोंपैकी कितीतरी इथेच निकालात निघतात.

आता आतली गोष्ट. नाणं बनतं कसं, तर धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांना ब्लँक म्हणतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, आणि मग प्रेसमध्ये दोन डायच्या, म्हणजे छाप कोरलेल्या साच्यांच्या, मधे ठेवून दाबतात, बाजूने कॉलर म्हणजे गोल कडं असतं म्हणून कडा नीट येते. रंगाचा खरा घोळ इथे तीनेक प्रकारे होऊ शकतो. मिश्रधातू नीट ढवळला गेला नाही तर नाण्यावर लाकडासारख्या रेघा येतात, पट्टी ज्या दिशेने लाटली त्याच दिशेने. भट्टीत गडबड झाली तर ब्लँकवर दुसऱ्या धातूची धूळ बसून तांबूस थर येतो, आणि छापा त्या थराच्या वरून पडतो. आणि सगळ्यात गाजणारा तिसरा, चुकीच्या ब्लँकवर छापा. समजा एक रुपयाचा ब्लँक पाचच्या प्रेसमध्ये गेला. २०११ चा रुपया २२ मिलिमीटरचा, ३.७९ ग्रॅमचा, फेरिटिक म्हणजे मॅग्नेट चिकटणाऱ्या स्टीलचा, आणि तेव्हाचं पाचचं २३ मिलिमीटरचं. मग जे नाणं निघेल ते पांढरं तर असेलच, पण त्याला मॅग्नेट चिकटेल, वजन पावणेचारच्या आसपास भरेल, आणि ब्लँक कॉलरला पुरा न भरल्यामुळे काठाशी छापा कमी पडेल. बघा, चार वेगवेगळ्या गोष्टी एकच कहाणी सांगतात. उलटं होणं अवघड, मोठा ब्लँक छोट्या कॉलरमध्ये बसतच नाही, तेव्हा कुणी तसलं काही दाखवलं तर आधी हसा.

म्हणून पहिलं काम वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा काही शेकड्यात मिळतो, नाहीतर सराफ्यात दिवसा जा, कुणीही ओळखीचा सोनार करून देईल (रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा गेलात तर भुट्ट्याचा कीस खाऊन परत याल, वजन राहून जाईल). वजन बरोबर, मॅग्नेटचं वागणं बरोबर, माप बरोबर आणि फक्त रंग वेगळा, तर जवळजवळ नक्की समजा की जे झालंय ते कातडीवर झालंय.

कातडीवर काय काय होतं ते मात्र बघण्यासारखं आहे. तांबूस पाचच्या नाण्यांचं मोठं ठिकाण म्हणजे आपली नर्मदामैया. मोरटक्क्याच्या पुलावरून जाताना बसमधून नाणं टाकायची पद्धत, ओंकारेश्वरला तर विचारूच नका. घाटावरची पोरं दोरीला मॅग्नेट बांधून पाण्यात फिरवतात, त्याला एक-दोनची स्टीलची नाणी चिकटून येतात, पण निकेल ब्रासचं पाचचं चिकटत नाही, म्हणून ते गाळात जास्त दिवस पडून राहत असावं असा माझा अंदाज. निकेल ब्रासमध्ये ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त, ५ टक्के निकेल. पाण्यात पडून राहिलं की जस्त हळूहळू निघून जातं आणि वरती तांबं उरतं. असं एक नाणं माझ्याकडे आहे, भिंगाखाली धरलं की रंग सगळीकडे सारखा नाही दिसत, अक्षरांच्या खाचांमध्ये गडद विटकरी, उंच भागावर फिकट गुलाबी, आणि पृष्ठभाग बारीक छिद्राछिद्रांचा, बिस्किटासारखा. वजनही सहाच्या खाली उतरलेलं. टांकसाळीतून निघालेल्या नाण्याचं अंग असं कधीच नसतं.

घरातही हेच होतं, फक्त पटकन. पितळेचा तांब्या चिंचेने घासून तसाच ठेवला तर लालसर पडतो हे घरात कुणालाही विचारा. पाचच्या नाण्याचंही तेच, म्हणजे "मी फक्त चिंचेत बुडवून स्वच्छ केलं" हे वाक्य आलं की मला उत्तर मिळालेलं असतं. इंदूर संस्थानच्या यशवंतराव होळकरांचा चेहरा असलेला १९३५ चा तांब्याचा अर्धा आणा लोक पितांबरीने घासून चकचकीत गुलाबी करून आणतात तेव्हा मात्र जीव जळतो, ऐंशी-नव्वद वर्षांचा चॉकलेटी रंग दोन मिनिटांत नाल्यात.

सोनेरी नाण्यांचा मामला वेगळा. ओळखीतल्या एक काकू सासऱ्यांनी दिलेलं दोन रुपयांचं नाणं घेऊन आल्या होत्या, अकरा बाजूंचं, अस्सल सोनेरी. त्या आधीच सराफ्यात जाऊन मशीनवर टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून आल्या होत्या आणि मशीनने सोनं दाखवलं होतं, त्यामुळे माझं कोण ऐकतो. पण ते मशीन एक्स-रेने फक्त वरचा पातळ थर वाचतं, मुलामा असेल तर ते मुलाम्याचंच सोनं दाखवणार, खोटं काही बोलत नाही बिचारं. काट्यावर ठेवलं, बरोबर ६ ग्रॅम, म्हणजे साध्या क्युप्रोनिकेलच्या नाण्याचंच वजन. त्याच मापाचं सोन्याचं असतं तर बारा ग्रॅमच्या वर गेलं असतं, कारण सोनं त्याच्या दुपटीहून जड. मग भिंगातून त्यांनाच दाखवलं, सिंहांच्या आयाळीवर आणि काठाच्या कोपऱ्यांवर घासून आतलं पांढरं डोकावत होतं, आणि "भारत"च्या अक्षरांच्या खाचा भरल्यासारख्या बोथट. प्लेटिंग छापल्यानंतर चढतं, म्हणून ते बारकावे बुजवतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे सासऱ्यांनी फसवलं होय मला!" तसं नाही हो, त्या काळात भेट म्हणून असा मुलामा करून देत असत.

शाळेच्या लॅबमध्येही तांब्याचं नाणं जस्ताचा थर देऊन चंदेरी आणि मग तापवून सोनेरी करतात, तोही एक प्रकार फिरत असतो. आणि तांब्यावर पारा चोळून चांदीसारखं केलेलं नाणं दिसलं तर हातात घेऊ नका, पारा विषारी असतो.

वजन आणि मॅग्नेट एवढ्यावर मी इतका का अडून बसतो त्याला अमेरिकेचं १९४३ चं एक सेंट कारण आहे. युद्धासाठी तांबं हवं म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा थर दिलेल्या स्टीलचे पाडले, राखाडी, २.७० ग्रॅमचे. पण जुने कांस्याचे थोडे ब्लँक प्रेसमध्ये गेलेच आणि त्यांचे सेंट झाले, ३.११ ग्रॅमचे. ते जगातल्या गाजलेल्या एररपैकी आहेत, आणि त्यांची नक्कल करायला लोक स्टीलच्याच सेंटवर तांबं चढवतात. त्याला मॅग्नेट चिकटतो, खऱ्याला चिकटत नाही. जे हुशार असतात ते १९४८ चा आठ तासून तीन करतात, तिथे मॅग्नेट आणि वजन दोन्ही पास होतात, मग आकड्याकडे बघावं लागतं. एका कसोटीवर कधीच थांबू नये ते असं.

किती मिळतील, याचं उत्तर मी फोटोवर देत नाही. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो देतो म्हणणारे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील, ती २०१२ ची भरपूर पाडलेली चलनी नाणी आहेत भिया, लाख कोण देणार. असा माणूस आधी रजिस्ट्रेशन किंवा टॅक्सच्या नावाने तुमच्याकडूनच पैसे मागतो. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचं नाव वापरून फी मागतात, आमचा काही संबंध नाही. खऱ्या एररला गिऱ्हाईक असतं, पण ते हातात घेऊन, वजन करून, घासाघीस करून घेतं.

तर फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पिवळ्या बल्बखाली सगळीच नाणी पितळी दिसतात. दोन्ही बाजू, कडा, आणि काट्यावर ठेवलेलं असतानाचा एक. मॅग्नेट चिकटतो का ते लिहा. घासू नका, धुवू नका, खरडून तर अजिबात बघू नका. आणि मधल्या काळात ते मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, त्यात पीव्हीसी असतं, नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो, आणि मग मला हिरव्या नाण्याचा फोटो येतो.