लक्झरी सेडान घेताना: हॉर्सपॉवर किती, आराम किती (माझा अनुभव)

लक्झरी सेडानच्या ब्रोशरमध्ये हॉर्सपॉवरचा आकडा पहिल्याच पानावर ठळक असतो. मागच्या सीटची बैठक किती लांब, टायरची साइडवॉल (रिम आणि रस्ता यांच्या मधली रबरी बाजू) किती उंच, मागच्या दाराची काच साधी की लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली), ही माहिती मात्र विचारून विचारून काढावी लागते. गाडी ठरवताना मी दोन्ही बाजू सारख्याच कसोशीने तपासल्या. माझं मत आधीच सांगून टाकतो: ताकदीमुळे आराम जात नाही. ताकदवान व्हेरियंटसोबत गळ्यात पडणारी मोठी चाकं आणि कडक सस्पेन्शन आराम घालवतात. इंजिनाचा विचार वेगळा आणि चाकांचा वेगळा केला की निम्मा गोंधळ संपतो.

पहिलं काम ताकदीची एकके सारखी करण्याचं. कोणी बीएचपी लिहितं, कोणी पीएस, कोणी किलोवॅट. 1 पीएस म्हणजे 0.7355 किलोवॅट आणि 1 बीएचपी म्हणजे 0.7457 किलोवॅट. म्हणजे एका ब्रोशरमधले 250 पीएस आणि दुसऱ्यातले 247 बीएचपी यांत काहीच फरक नाही. मी यादीतल्या सगळ्या गाड्यांचे आकडे किलोवॅटमध्ये आणले आणि शेजारी प्रत्येकीचं वजन लिहिलं. तेच 150 किलोवॅट 1,600 किलोच्या गाडीला भरपूर वाटतात आणि 2,000 किलोच्या गाडीला बेताचे.

मग खरी गरज किती, याचा हिशेब. माणसं आणि सामान धरून 2,000 किलोची, हवेला कमी अडणारी सेडान सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने चालवायला चाकांपाशी साधारण 13 किलोवॅट लागतात. गिअरबॉक्समधली गळती आणि एसी धरला तरी इंजिनाकडून मागणी 23 पीएसच्या आसपासच. 6 टक्के चढावर ताशी 80 ने जायचं तर चाकांपाशी 47 पीएस. बाकीची ताकद फक्त वेग वाढवण्यासाठी असते. ताशी 80 वरून 120 पर्यंत 8 सेकंदांत जायला चाकांपाशी सरासरी 125 पीएस लागतात, आणि तेच 5 सेकंदांत हवं असेल तर 185 च्या वर. इंजिन पूर्ण वेळ आपल्या कमाल आकड्यावर राहत नाही, म्हणून थोडी शिल्लक धरायची. या हिशेबाने 200 ते 250 पीएसची गाडी चार माणसं बसवूनही निर्धास्त ओव्हरटेक करते. त्यापुढची ताकद हौसेची. हौस असायला हरकत नाही, फक्त ती हौस आहे हे माहीत असावं.

रोल्स-रॉइसच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याऐवजी ‘पॉवर रिझर्व्ह’चा काटा असतो, वापरायची किती ताकद शिल्लक आहे, हे तो दाखवतो. शांत चालवताना तो काटा जवळजवळ पूर्णावरच राहतो. आरामाच्या गाडीत ताकदीचं काम काय, ते यावरून कळतं.

त्यामुळे कमाल हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) किती आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) कुठपर्यंत मिळतो, हे मी आधी पाहिलं. 2017 मध्ये आलेल्या पिढीच्या बीएमडब्ल्यू 5 सीरीजचं उदाहरण घेऊ. 530आय मध्ये 252 पीएस आणि 1,450 ते 4,800 आरपीएमपर्यंत 350 न्यूटन-मीटर. 540आय मध्ये 340 पीएस आणि 1,380 ते 5,200 पर्यंत 450 न्यूटन-मीटर. शून्य ते शंभरचा वेळ अनुक्रमे 6.2 आणि 5.1 सेकंद. 88 पीएस जास्त मोजून हाती आलं जेमतेम एक सेकंद. पण 540आय मध्ये सरळ रांगेतले सहा सिलिंडर आहेत, आणि तिथे खरा फरक पडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या हालचालीमुळे क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट गतीने एक थरथर तयार होते. ती मारायला बॅलन्स शाफ्ट (उलट थरथर देणारे फिरते दांडे) बसवावे लागतात. सरळ सहामध्ये ही बलं एकमेकांना आपसूक खोडून काढतात. म्हणून मोठं इंजिन निवडायचं तर ते त्या एका सेकंदासाठी निवडू नका. 1,500 आरपीएमला गाडी हळूहळू उचलताना स्टिअरिंगवर आणि सीटवर जी शांतता जाणवते, तिच्यासाठी निवडा.

आता चाकं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला.

टायरच्या साइजमध्ये पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉल रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा इंचांत. 245/50 आर18 आणि 245/40 आर20 या दोन टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, 702 आणि 704 मिलिमीटर. पण पहिल्याची साइडवॉल 122 मिलिमीटर, दुसऱ्याची 98. म्हणजे रस्ता आणि रिम यांच्या मधल्या हवेच्या गादीची 24 मिलिमीटर उंची गेली. खड्ड्याची तीक्ष्ण कड, सिमेंटच्या रस्त्याचे सांधे, मॅनहोलचं झाकण असे छोटे पण झटपट येणारे धक्के आधी टायर गिळतो. स्प्रिंगपर्यंत गोष्ट नंतर पोचते. साइडवॉल लहान झाली की तो धक्का थेट सस्पेन्शनच्या बुशवर (जोडांमधल्या रबरी कड्यांवर) आणि तिथून बॉडीत येतो. शिवाय 20 इंची चाक बहुधा जास्त जड, आणि स्प्रिंगखालचं वजन वाढलं की चाक रस्त्याच्या उंचसखलपणामागे धावताना मागे पडतं. तिसरा तोटा खिशाला: कमी उंचीची साइडवॉल खड्ड्याच्या कडेवर रिमखाली चेमटते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

रन-फ्लॅट टायर असतील तर साइडवॉल मुद्दाम कडक केलेली असते, कारण पंक्चर झाल्यावर हवेशिवाय साधारण 80 किलोमीटर, ताशी 80 च्या वेगाने गाडी तिलाच पेलायची असते. ही सोय चांगली, पण तीक्ष्ण धक्के हमखास वाढतात. स्टेपनी आहे का आणि साधे टायर घेता येतात का, हे बुकिंगच्या आधीच विचारा. काही गाड्यांत डिकीत स्टेपनीची जागाच नसते.

हीच गोष्ट सस्पेन्शनची. ‘स्पोर्ट’ नावाच्या पॅकेजमध्ये गाडी बहुतेक वेळा 10 ते 15 मिलिमीटर खाली येते आणि स्प्रिंग कडक होतात. आरामाच्या गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते सव्वा वेळा हलते. हा ठेका शरीराला मानवतो. सेकंदाला 4 ते 8 कंपनं पोटाला आणि छातीला सगळ्यात जास्त त्रास देतात, आणि सेकंदाला अर्ध्या कंपनापेक्षाही कमी असतील तर बोट लागल्यासारखं मळमळतं. म्हणजे नुसतं मऊ म्हणजे आराम नव्हे. फार मऊ आणि ढिल्या डॅम्परच्या (स्प्रिंगचे हेलकावे थांबवणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) गाडीत मागे बसणाऱ्याला उलटी येते, हे लहान मुलं घेऊन प्रवास करणाऱ्यांना माहीत आहे.

एअर सस्पेन्शन मोठ्या लाटा सुरेख झेलतं आणि चार माणसं बसली तरी गाडीची मागची बाजू दबत नाही. पण तीक्ष्ण धक्क्यांवर त्याचा फायदा कमी. तिथे टायर आणि डॅम्परच बोलतात. रबराच्या हवेच्या पिशव्या वर्षांनुवर्षांत चिरतात, गळती सुरू होते, मग कॉम्प्रेसर सारखा चालून जळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर समजा गळती आहे. वापरलेली गाडी घेणाऱ्याने ही तपासणी चुकवू नये. मला लोखंडी स्प्रिंग आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्पर ही जोडी जास्त पटली.

ताकद कमी आणि आराम अफाट, याचा जुना दाखला 1955 ची सिट्रोएन डीएस 19. इंजिन 1.9 लिटरचं, ताकद 75 हॉर्सपॉवर, पण हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या दाबावर चालणाऱ्या) सस्पेन्शनमुळे तिचा आराम आजही नावाजला जातो.

टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. पहिली, टायरमधली हवा. थंड टायरचा दाब मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहा. शोरूमच्या गाडीत हवा जास्त असेल तर चांगली गाडीही आदळते आणि आपण उगाच तिला नाकारतो. दुसरी, टायरचा साइज वाचा. दाखवायची गाडी 20 इंची चाकांवर आणि तुम्ही बुक करणार ती 18 इंचीवर असेल, तर आरामाबद्दलचा निष्कर्ष लागू होत नाही. दोन गाड्यांची तुलना एकाच ड्राइव्ह मोडमध्ये करा. स्पोर्ट मोडमध्ये ॲक्सिलरेटरला जरा पाय लावला तरी गाडी उसळते आणि इंजिन ताकदवान असल्याचा भास होतो. मोड बदलल्याने इंजिनाची ताकद वाढलेली नसते.

रस्त्यावर पहिला अर्धा वेळ मी मागच्या सीटवर बसलो आणि गाडी दुसऱ्याला चालवायला सांगितली. ताशी 15 ते 20 च्या वेगाने स्पीडब्रेकर ओलांडताना लक्ष द्यायचं ते पुढची चाकं उतरल्यावर नव्हे, मागची उतरल्यावर. गाडी एकदा खाली जाऊन वर आली आणि थांबली, तर डॅम्पर नीट जमलेले आहेत. दुसरा, तिसरा हेलकावा आला तर ढिले. ‘ठप्प’ असा कोरडा आवाज येऊन कंबरेत दणका बसला तर कडक. मग ताशी 40 ने खडबडीत, ठिगळं मारलेल्या रस्त्यावर. इथे कप होल्डरमध्ये पाण्याची अर्धी भरलेली बाटली ठेवली. पाणी संथ डुचमळत राहिलं तर ठीक. पृष्ठभागावर बारीक थरथर उठली तर ती चाकांची कंपनं आत येत आहेत. दोन गाड्यांमधला फरक बाटलीत चटकन दिसतो, आणि सेल्समनशी वाद घालावा लागत नाही.

मागची बैठक बसून मोजायची. गुडघ्यामागे बैठकीच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटांचं अंतर असावं आणि मांड्या पूर्ण टेकाव्यात. गुडघे कंबरेपेक्षा बरेच वर येत असतील तर बैठक फार खाली आहे, आणि तासाभरात पाठ बोलायला लागते. पुढची सीट पूर्ण खाली करून तिच्याखाली पाय सरकतात का पाहा. विक्रेते ती नेहमी वर उचलून ठेवतात. काचेचं मोठं छत डोक्यावरची जागा खातं. लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) आवृत्ती मिळत असेल तर जरूर बघा. डब्ल्यू213 पिढीच्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये साधा व्हीलबेस 2,939 मिलिमीटर आणि लांबचा 3,079. पायांना जागा मिळतेच, शिवाय गाडीचं पुढेमागे डोलणंही कमी होतं.

आवाजासाठी काचेचा कोपरा वाचा. लॅमिनेटेड ध्वनिरोधक काचेवर तशी खूण असते. ती बऱ्याचदा फक्त पुढच्या दारांना असते. फोनवरचं डेसिबल ॲप अचूक नसलं तरी एकाच फोनवर, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाला तुलना करायला पुरतं. 3 डेसिबलने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते.

ताकदीची चाचणी मी शून्य ते शंभरने केली नाही. ताशी 60 ने निवांत चालताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि गाडी प्रत्यक्ष ओढायला लागेपर्यंतचा वेळ मनात मोजायचा. गिअर खाली पडणं आणि टर्बोत दाब तयार होणं यात एखादा सेकंद सहज जातो. ओव्हरटेक करताना हा उशीर 50 पीएसपेक्षा जास्त महत्त्वाचा. मग ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून गाडी नुसती सरकू द्यायची. टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) 8 गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स इथे गुळगुळीत चालतो. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स) असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके येतात का हे विशेष तपासा. रोजच्या वापरात हे हिसके कोणत्याही हॉर्सपॉवरपेक्षा जास्त जाणवतात. ‘इंडिव्हिज्युअल’ मोड असेल तर इंजिन आणि गिअर स्पोर्टवर, डॅम्पर कम्फर्टवर ठेवता येतात का, हेही पाहून घ्या.

शेवटी यादी अशी ठरली: परवडत असेल तर सहा सिलिंडर, नाहीतर 250 पीएसच्या आसपासचं चार सिलिंडर, 18 इंची चाकं, स्पोर्ट सस्पेन्शनला नकार, इलेक्ट्रॉनिक डॅम्पर, चारही दारांना लॅमिनेटेड काच. ऑर्डर देताना टायरचा साइज आणि सस्पेन्शनचा प्रकार लेखी घ्या. ‘वरचं व्हेरियंट लवकर मिळेल’ असं सांगून बहुधा मोठी चाकंच पुढे केली जातात.

गाडी ताब्यात घेताना एक तपासणी राहते. कारखान्यातून वाहून आणताना टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते, आणि काही गाड्यांत गाडी हलू नये म्हणून स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवलेले असतात. ते डिलिव्हरीच्या आधी काढायचे असतात आणि कधीकधी राहून जातात. नवी गाडी टेस्ट ड्राइव्हच्या गाडीपेक्षा कडक वाटली तर आधी हवा स्टिकरप्रमाणे करा. फरक पडला नाही तर गाडी लिफ्टवर घेऊन चारही स्प्रिंग स्वतः पाहा.