साथीच्या काळातील मुदत आणि कायद्यातील मोकळी जागा

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार काका माझ्या वकिलीच्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्या हातात न वटलेला धनादेश आणि बँकेचा परतीचा मेमो होता. माल तोडून नेणाऱ्या व्यापाऱ्याने दिलेला तो धनादेश होता आणि मेमो त्यांना १२ मार्चला मिळाला होता. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ प्रमाणे बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत मागणीची नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यावर पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. मालाच्या पावत्या घरी राहिल्या होत्या, म्हणून त्यांनी चार दिवसांनी पुन्हा यावे असे ठरले. ते चार दिवस पुढे कित्येक महिने लांबले.

त्या काळात नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जी शांतता पसरली, ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. टंकलेखक, मुद्रांक विक्रेते, नोटरी, नक्कल घेण्यासाठी ताटकळणारे पक्षकार यांपैकी कोणीही तेथे नव्हते. केवळ तातडीची प्रकरणे मोजक्या वेळेत चालत होती. एप्रिलमध्ये मालेगावात संसर्ग वेगाने वाढला आणि जिल्ह्यातील प्रवास आणखी अवघड झाला. माणसे घरात अडकली होती, पण कायद्याने ठरवलेले दिवस मात्र रोज एकेकाने कमी होत होते.

मुदत कायदा, १९६३ याबाबत कठोर आहे. कलम ३ प्रमाणे मुदतीनंतर आलेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने तो मुद्दा उपस्थित केलेला असो वा नसो. कलम ५ प्रमाणे पुरेसे कारण दाखवल्यास अपिलाला किंवा अर्जाला झालेला विलंब माफ होऊ शकतो, परंतु मूळ दाव्याला ही सवलत मिळत नाही. उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी तीन वर्षांत दावा लावला नाही, तर त्यानंतर कितीही खरे कारण सांगितले तरी उपयोग होत नाही. राहिले कलम ४. मुदत संपण्याच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, असे ते सांगते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ही तरतूद पुरेशी आहे. न्यायालय अर्धवट चालू असताना पक्षकाराला गावाबाहेरच पडता येत नसेल, तर काय करायचे, याचे उत्तर तिच्यात नाही. आणि जेथे ती लागू होते तेथेही तिच्यामुळे मिळतो तो एकच दिवस. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी केलेला १८९७ चा साथरोग कायदाही या प्रश्नाला स्पर्श करत नाही.

ही मोकळी जागा सर्वोच्च न्यायालयाने भरली. मूळचे नागपूरचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने २३ मार्च २०२० रोजी या विषयाची स्वतःहून दखल घेतली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील, म्हणजे पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा, अधिकार वापरून देशभरातील न्यायालये आणि न्यायाधिकरणांमधील मुदती १५ मार्च २०२० पासून पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आल्या. टाळेबंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी हा आदेश झाला, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

तरीही आमच्या काकांचा प्रश्न सुटला नव्हता. आदेश न्यायालयात दाखल करावयाच्या प्रकरणांविषयी होता, तर कलम १३८ ची नोटीस ही न्यायालयात दाखल होत नाही, ती पक्षकार टपालाने पाठवतो. तिची मुदत वाढली का, याबद्दल आम्हा वकिलांमध्येच दोन मते होती. ६ मे २०२० च्या आदेशाने कलम १३८ चा स्पष्ट समावेश केला, परंतु संबंधित क्षेत्रातील टाळेबंदी उठल्यानंतर १५ दिवस अशी मोजणीही त्यात घातली. एकाच तालुक्यातील एक गाव प्रतिबंधित क्षेत्रात आणि शेजारचे गाव मोकळे असताना टाळेबंदी नेमकी कोणत्या दिवशी उठली असे मानायचे, हे ठरवणे सोपे नव्हते. आम्ही जोखीम न घेता टपाल सुरळीत होताच नोटीस पाठवली आणि पुढे फिर्यादही दाखल झाली.

८ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने परिस्थिती निवळल्याचे मानून ही सवलत थांबवली. त्यानंतरचे सहा आठवडे नाशिककर विसरू शकणार नाहीत. २१ एप्रिलला शहरातील महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने मुदतवाढ पुन्हा लागू केली. २३ सप्टेंबर २०२१ ला ती पुन्हा थांबवण्यात आली आणि तिसऱ्या लाटेत, १० जानेवारी २०२२ रोजी, अंतिम स्वरूपाचा आदेश झाला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मोजणीतून वगळायचा. त्या काळात ज्यांची मुदत संपली त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळतील. आणि ज्यांचे शिल्लक दिवस ९० पेक्षा जास्त होते, त्यांना ते सर्व दिवस मिळतील, असे त्यात म्हटले होते.

हे शेवटचे वाक्य फार थोड्यांच्या लक्षात राहिले. जून २०२२ मध्ये सातपूरच्या एक ताई माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान दुसऱ्या लाटेत गेले होते आणि कपाटातील कागद आवरताना त्यांना ५ डिसेंबर २०१८ ची एक वचनचिठ्ठी, म्हणजे उसने पैसे परत देण्याचे लेखी वचन, सापडली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तीन वर्षे संपली आणि मेअखेर ते ९० दिवसही संपले, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. “वकीलसाहेब, आता हा कागद टाकूनच द्यायचा ना?” असे त्यांनी विचारले. मी त्यांच्यासमोर बसून दिवस मोजले. १५ मार्च २०२० रोजी त्यांच्या मुदतीचे सुमारे ६३० दिवस शिल्लक होते, ते १ मार्च २०२२ पासून पुन्हा सुरू झाले, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पर्यंत दावा लावता येणार होता. त्यांनी तो लावला. चुकीचे ऐकून कागद खरोखरच टाकून देणारे किती असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

मुदतवाढ सरसकट चांगली, असेही मी म्हणणार नाही. तपास ६० किंवा ९० दिवसांत पूर्ण झाला नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदतवाढीच्या आदेशाचा आधार घेऊन ही मुदतही वाढली, असे काही ठिकाणी मानले गेले. १९ जून २०२० च्या एस. कासी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टपणे नाकारले, आणि माझ्या मते तो या संपूर्ण काळातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. नागरिकाने शासनाकडे किंवा दुसऱ्या नागरिकाकडे न्याय मागण्याची मुदत वाढवणे आणि शासनाने नागरिकाला कोठडीत ठेवण्याची मुदत वाढवणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

करविषयक मुदतींसाठी केंद्र सरकारने ३१ मार्च २०२० रोजीच अध्यादेश काढला होता, म्हणजे असे नियम करणे अशक्य नव्हते. दिवाणी मुदतींचा भार मात्र जवळजवळ दोन वर्षे न्यायालयाच्या असाधारण अधिकारावर राहिला आणि तो प्रत्येक वेळी नव्या आदेशाने सावरावा लागला. मुदत कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम असावे, असे माझे ठाम मत आहे. आणीबाणी कोणी जाहीर करायची, कोणत्या जिल्ह्यापुरती, न्यायालयाबाहेरच्या नोटिसा त्यात येतात की नाही आणि कोठडीची मुदत त्यातून वगळलेली आहे, हे सर्व त्यात लिहिलेले असावे. शिवाय असा आदेश निघाल्यापासून ठरावीक दिवसांत त्याचा मराठी मजकूर, उदाहरणादाखल दोन-तीन तारखांच्या मोजणीसह, प्रत्येक तालुका न्यायालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे बंधनकारक असावे. सातपूरच्या ताईंना मी ज्या कागदावर दिवस मोजून दाखवले, तो त्यांच्या दाव्याच्या फाइलमध्ये अजून आहे; तसाच एखादा कागद त्यांना मार्च २०२२ मध्ये कोठेतरी भिंतीवर वाचायला मिळायला हवा होता.