तुम्ही विचारलंत म्हणून: फॉरवर्डमधून कोणाला ठेवायचं?

सकाळची प्रॅक्टिस आटोपून मी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोहोचतो, तेव्हा पाच-सहा जण आधीच उभे असतात. कोणी रेल्वेतून रिटायर झालेला, कोणी माझा जुना विद्यार्थी, कोणी नुसताच हॉकीवेडा. प्लेट हातात यायच्या आत प्रश्न येतो, "सर, सांगा ना जी, मनदीपले ठेवायचं का काढायचं?" मनदीप म्हणजे भारताच्या हॉकी संघातला फॉरवर्ड, पुढच्या फळीत खेळणारा. मागे हाच प्रश्न त्याच फळीतल्या ललितबद्दल होता, गुरजंतबद्दल होता. लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात. विचारणाऱ्याकडे स्वतःचं उत्तरही तयार असतं, "गोल कुठं करून राहिला तो?"

आमच्या नागपुरात जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असली की सगळं शहर तिकडे धावतं. त्याच शहरात हॉकीच्या फॉरवर्डवरून माणसं तावातावानं भांडतात याचा मला मनापासून आनंद होतो. म्हणून ठेल्यावर अर्धवट राहिलेलं उत्तर एकदा नीट लिहितो. मी बावीस वर्षं शाळेच्या पोरांना हॉकी शिकवतोय. दरवर्षी सोळा जणांची यादी लिहावी लागते, आणि माझा पेन अडतो तो बहुतेक वेळा फॉरवर्डच्या शेवटच्या नावाशी.

आधी गोलांचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, २०२४ साली, आपल्या संघानं आठ सामन्यांत १५ गोल केले. त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे, आणि तो तर बचावपटू. उरलेल्या पाचांत एक विवेक सागरचा, तो मधल्या फळीतला. म्हणजे फॉरवर्ड म्हणून नेलेल्या पाच जणांचे मिळून चार गोल झाले: अभिषेकचे दोन, मनदीपचा एक, सुखजीतचा एक. ललित आणि गुरजंतच्या नावापुढे शून्य. एवढंच पाहिलं तर कोणीही म्हणेल, काढा सगळ्यांना.

पण हरमनप्रीतचे ते दहाही गोल पेनल्टी कॉर्नर नाहीतर पेनल्टी स्ट्रोकवरचे आहेत. स्ट्रोक म्हणजे समोर फक्त गोलकीपर ठेवून मारायचा फटका, आणि कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीवर मिळणारी गोलची संधी. पेनल्टी कॉर्नर आकाशातून पडत नाही. कोणीतरी डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉल घेऊन घुसतं, बचाव करणाऱ्याच्या पायावर नेमका बॉल मारतं, धक्के खातं, तोंडावर पडतं, तेव्हा पंच हात दाखवतात. ते पडणं कोणत्याही आकड्यात येत नाही. ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आठवा. सतराव्या मिनिटाला आपला बचावपटू अमित रोहिदास याला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा वेळ आपण दहा जणांनी खेळलो. त्या दिवशी आपले फॉरवर्ड आपल्याच डीच्या तोंडाशी उभे राहून टॅकल करत होते. सामना १-१ राहिला आणि शूटआउटमध्ये, म्हणजे एकेकानं गोलकीपरसमोर एकट्यानं जाऊन गोल करायचा त्यात, आपण ४-२ नं जिंकलो. त्या चारांत एक सुखजीतचा आणि एक ललितचा. शूटआउटचे गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत, म्हणून ललितच्या नावापुढे आजही शून्यच दिसतं. आपण मात्र उपांत्य फेरीत गेलो.

मग फॉरवर्डचं मोजायचं काय? मी पोरांच्या बाबतीत एकच गोष्ट मोजतो. बॉल आपल्याकडून गेला, त्या क्षणापासून त्याची पहिली चार पावलं. शंभर पानी वहीत प्रत्येकाचं पान आहे. चार पावलं बॉलच्या दिशेनं पळाला की एक रेघ. जागेवर उभा राहून कपाळाला हात लावला, पंचांकडे पाहिलं, पास देणाऱ्यावर ओरडला, तर रेघ नाही.

याचं कारण पोरांना समजवायला मी मैदानात खडूनं रेघा मारतो. समोरच्या संघाच्या फुल बॅककडे, म्हणजे मागच्या फळीतल्या बचावपटूकडे, बॉल आहे. आपल्या फॉरवर्डनं तो हिसकावून घ्यायची गरज नसते. मधला पास बंद करायचा आणि त्याला साइडलाइनकडे ढकलायचं, एवढंच. तिकडे आपला हाफ, मधल्या फळीतला खेळाडू, टपून बसलेला असतो. फॉरवर्ड एक सेकंद उशिरा निघाला तर बॉल मधून पार होतो आणि आपली सगळी मधली फळी स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळायला लागते. पुढचा एक आळशी असला की मागचे सहा जण दमतात. पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की हाफ लाइन ढेपाळली. शिव्या हाफला बसतात.

हे मला सुरुवातीपासून कळत होतं असं नाही. २०११ साली विभागीय शालेय स्पर्धेसाठी यादी करताना शेवटच्या जागेसाठी दोन पोरं होती. एकानं उन्हाळी शिबिरातल्या सामन्यांत नऊ गोल केले होते. दुसरा नागपुरातल्याच इंदोऱ्याचा, राइट आउट म्हणजे पुढच्या फळीत उजव्या कडेला खेळायचा, वडील ऑटो चालवायचे. त्याचा एकच गोल होता, तोही पायाला लागून गेलाय असं समोरचे म्हणत होते. मी नऊवाल्याला घेतलं. दोन मिनिटंही विचार केला नाही.

उपांत्य सामन्यात समोरचा राइट बॅक बॉल घेऊन आमच्या हाफ लाइनपर्यंत चालत येत होता. चालत, हो. त्याला अडवायला पुढून कोणी परत येतच नव्हतं. साऱ्या सामन्यात आम्हाला एक पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि आम्ही ०-२ नं हरलो. तो इंदोऱ्याचा पोरगा स्वतःच्या पैशानं एसटीनं आला होता. गोलच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. सामना संपल्यावर माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, माह्यं काय चुकलं होतं?" मी यादी फळ्यावर लावली होती, त्याच्याशी बोललो नव्हतो. तेव्हाही मला काही सांगता आलं नाही. मी बाटली घेतली आणि पाणी प्यायलो. पुढच्या हंगामात तो मैदानावर आला नाही. घरी जाऊन विचारलं, तर वडिलांबरोबर काम शिकत होता.

त्याचे हात मला त्या दिवशी दिसले होते. डाव्या हाताच्या बोटांची पेरं सोललेली, त्यावर खपल्या, खपल्यांवर पुन्हा मुरमाची लाल माती. आमचं मैदान मुरमाचं. परत येऊन टॅकल करायचं तर स्टिक जमिनीला आडवी टेकवावी लागते, आणि स्टिक टेकली की डाव्या मुठीची पेरं जमिनीवर घासतात. जो फॉरवर्ड परत येतो त्याचे हात असे होतात. जो येत नाही त्याचे हात साफ राहतात. नऊ गोलवाल्याचे हात साफ होते. गुन्हा त्या पोराचा नव्हता, गोलापलीकडे मी त्याला काही मागितलंच नव्हतं.

त्या वर्षापासून यादी लिहायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या फॉरवर्डना हात पुढे करायला लावतो. स्टिकही बघतो. वाकलेल्या टोकाजवळची कडा एका अंगानं झिजलेली असते, टेप फाटून आतली फायबर दिसते. आणि ज्याला घेणार नाही त्याला फळ्यावर नाव वाचू देत नाही. आधी बाजूला नेऊन सांगतो, का नाही घेतलं आणि काय केलं तर घेईन. दोन-तीन पोरं रडतात. ते मला बघवत नाही, तरी समोर उभा राहतो.

आता देशाच्या संघाकडे. तुम्हाला नावं हवी असतात, तर माझं मत सांगतो. अभिषेक आणि सुखजीत या दोघांवर चर्चासुद्धा नको. पॅरिसला बेल्जियमविरुद्ध आपण १-२ हरलो, पण त्या सामन्यातला अभिषेकचा गोल पुन्हा पाहा. बचावपटूची चूक हेरून बॉल काढला आणि अंगातला सगळा जोर लावून मारला. बॉल नसतानाही सावध असलेल्या फॉरवर्डचा तो गोल आहे. सुखजीत पाठीच्या दुखापतीनं महिनोन्महिने अंथरुणावर होता, एक पाय हलत नव्हता. तिथून उठून आलेला पोरगा २०२५च्या आशिया कपच्या अंतिम सामन्यात, राजगीरला, कोरियाविरुद्ध पहिल्याच मिनिटात गोल करतो. तो सामना आपण ४-१ नं जिंकला आणि २०२६च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं.

त्याच सामन्यात दिलप्रीतचे दोन गोल होते. या दिलप्रीतची गोष्ट भांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यानं गोल केला होता. पॅरिसच्या सोळात त्याचं नाव नव्हतं. आणि पुढच्याच वर्षी आशिया कपची फायनल त्याच्या स्टिकवर आली. टोकियोतच फॉरवर्ड सिमरनजीतचं बघा. मूळ सोळात तो नव्हता, राखीव होता. कोविडमुळे राखीव खेळाडूंनाही सामन्यासाठी निवडायची मुभा मिळाली म्हणून त्याला उतरता आलं. ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध आपण ५-४ नं जिंकून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक घेतलं, त्यात दोन गोल या राखीव पोराचे. त्यामुळे "काढा त्याले" असं जेव्हा कोणी मोठ्यानं म्हणतो तेव्हा मी म्हणतो, बाहेर ठेवायचं तर ठेवा, पण त्याचं दार बंद करू नका.

आमच्या पिढीला हे फॉरवर्ड धनराज पिल्लेच्या वेळी सोसावं लागलं. पुण्याच्या खडकीचा पोरगा, तुटक्या स्टिकला दोरी गुंडाळून शिकलेला. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी आशियाई खेळांचं सुवर्ण आलं, आणि त्यानंतर लगेच त्याच्यासकट काही ज्येष्ठ खेळाडूंना बाहेर बसवलं. तेव्हा आम्ही पेपर हातात घेऊन चौकात उभे होतो आणि कोणाला काही बोलायला सुचत नव्हतं. तो परत आला, २००४ला अथेन्सपर्यंत खेळला. पण ती बातमी वाचल्याचा दिवस मी विसरलेलो नाही.

आणि मनदीप. मी ठेवीन. तिशी ओलांडली, पहिल्यासारखा वेग राहिला नाही, सगळं मान्य. पण गोलच्या खांबाजवळ पाठमोरा उभा राहून, येणाऱ्या बॉलला नुसती स्टिक लावून दिशा बदलायची, यात त्याचा हात धरणारा आज संघात मला दिसत नाही. आता सामन्यात फॉरवर्ड दर थोड्या मिनिटांनी बदलतात, त्यामुळे साठ मिनिटं पळणारा पाचवा माणूस लागतच नाही. थोडा वेळ येऊन बाकीच्या पोरांना कुठे उभं राहायचं ते दाखवणारा लागतो. उद्या त्याची ती पहिली चार पावलं थांबली, तर मीच म्हणेन की वेळ झाली.

मागे एका सामन्याआधी ठेल्यावरच्या एका दादांशी मनदीपवरून माझं चांगलंच वाजलं. ते म्हणाले, नुसता फिरून राहिला मैदानात. मी त्यांना म्हटलं, आज घरी टीव्हीसमोर बसाल तेव्हा एक क्वार्टर बॉल बघू नका. पंधरा मिनिटं फक्त तो दिसेल तेव्हा त्याच्याकडे बघा. बॉल जाऊ द्या कुठे जायचा तो.

सामना संपला आणि त्यांचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा भांडणार. ते म्हणाले, "सर, एक सांगा. बॉल त्यांच्यापाशी असला की हा सारखा हात मागं करून बोट दाखवून राहिला होता. कोणाले दाखवत होता तो?"

"मागच्या हाफला," मी म्हटलं. "हा पास मी बंद केला, तू तिकडचा धर, असं."

पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "हायलाइट्स लागतीन ना रात्री? परत पाहतो."