डाव्या हातावरचे केस

व्हायोलिन बनवण्याच्या आमच्या उन्हाळी कार्यशाळेत जुना कोण आणि नवखा कोण हे ओळखणं सोपं होतं. डावा हात बघायचा. पटाशीला धार लागली की नाही हे मनगटाच्या वरचे केस भादरून तपासायची पद्धत होती, त्यामुळे जुनी मंडळी धार लावायला बसली की तासाभरात त्यांचे हात तुळतुळीत. नवख्यांचे व्हायला दोन दिवस लागायचे.

मलाही लागले. पहिल्या वर्षी मी गेलो ते दोन आठवड्यांत व्हायोलिन घेऊनच परत यायचं अशा थाटात. पहिले दोन दिवस गेले दगड, पाणी, काळा गाळ आणि सरांचं "अजून नाही" यांत. व्हायोलिन वाजलं ते पाचव्या उन्हाळ्यात. मधले साडेअकरा महिने ते एका खोक्यात पडून असे, आणि खरं सांगायचं तर मीही.

दरवर्षी साधारण तीच माणसं यायची. गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते, ते प्रत्येक माप तीनदा घेत आणि तिन्ही वेळा वेगळं येई. एक दातांचे डॉक्टर होते. बाकीचे आम्ही असेच, कुणाला वाजवता येत होतं, कुणाला नाही. मला येत नव्हतं. अजूनही धड येत नाही.

सगळ्यात जास्त भीती बाजूच्या पट्ट्या वाकवण्याची. पट्टी मॅपलची, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. ती ओली करायची आणि तापलेल्या लोखंडावर टेकवून हळूहळू दाबत न्यायची. चर्र आवाज होतो, वाफ निघते, आणि एका क्षणी लाकूड अचानक मऊ पडून हाताचं ऐकायला लागतं. तो क्षण यायच्या आधी जोर लावला की कट्. हा आवाज झाला की सगळी खोली गप्प व्हायची. कुणी हळहळायचं नाही, मान वर करायचं नाही. फक्त थोड्या वेळाने कुणीतरी येऊन तुमच्या टेबलावर नवी पट्टी ठेवून जायचं. माझ्या टेबलावर पहिल्या वर्षी चार आल्या.

आणि सरसाचा वास! जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून साठेक अंशांवर गरम राखायचा. उकळला की त्याचा जोर जातो. नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा, आजकालचा पक्का डिंक का नाही वापरत? सर म्हणायचे, "पक्का आहे म्हणूनच." वरची पाटी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात, म्हणजे पुढे कधी दुरुस्ती निघाली तर पातळ सुरी घालून ती सोडवता येते. स्त्रादिवारी या नामांकित इटालियन कारागिराची तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं आज वाजतात, त्यामागे हे उघडता येणंही आहे. त्यांतल्या बहुतेकांची मानसुद्धा नंतर बदललेली आहे.

वरची पाटी स्प्रूसची. बाहेरून घुमटासारखी कोरून झाली की उलटी करून आतून पोखरायची, आधी गोल पटाशीने आणि मग अंगठ्याएवढ्या पितळी रंध्याने. शेवटी जाडी उरते अडीच-तीन मिलिमीटर. संध्याकाळी दिवे लागले की पाटी दिव्यासमोर धरायची. पातळ झालेलं लाकूड मधासारखं उजळतं, जिथे जाड राहिलंय तिथे सावली दिसते. तिसऱ्या वर्षी मला त्या उजेडाचं वेडच लागलं. सावली दिसली की घे रंधा, असं करता करता उजव्या बाजूला एक जागा फारच छान उजळली. मापक लावला तर १.६.

सरांनी पाटी हातात घेतली, टिचकी मारली, कानाशी धरली. मला वाटलं आता म्हणतील, नवीन लाकूड घ्या. ते म्हणाले, "चला, तुम्हाला ठिगळ लावायला शिकवतो. ते इथे कुणालाच येत नाही." पुढचे तीन दिवस मी रुपयाएवढा स्प्रूसचा तुकडा, रेषेला रेष जुळवून, त्या खळग्यात बसवत होतो. खडू लावायचा, दाबायचा, जिथे खडू उमटेल तिथून केसभर खरवडायचं, पुन्हा दाबायचा. त्या तीन दिवसांत जे शिकलो ते आधीच्या दोन उन्हाळ्यांत शिकलो नव्हतो.

पलीकडच्या कोपऱ्यात गजवाले, म्हणजे व्हायोलिन ज्याने वाजवतात तो गज बनवणारे, बसत. आमच्याकडे ढलप्यांचा ढीग आणि ठोकाठोकी, त्यांच्याकडे शांतता. साठेक ग्रॅमच्या एका काठीसाठी एवढा वेळ कशाला, म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. मग एका वर्षी मीच तिकडे बसलो आणि चिडवणं बंद केलं. काठी आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल; मग आचेवर गरम करून केसांच्या बाजूला वाक द्यायचा. फ्रान्स्वा तूर्त या फ्रेंच गज-कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस बसवलेलं रूप आजही जवळपास तसंच आहे. नवख्यांना साधं लाकूड मिळे. परनांबुको फक्त जुन्यांना, कारण ब्राझीलमधलं हे झाड आता दुर्मीळ आहे आणि २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. त्याचा भुगा घामेजल्या बोटांना लागला की बोटं तांबूस होत. पूर्वी त्यापासून कापडाचा रंगच काढत. शेवटी घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या वर केस विंचरून, दोऱ्याने बांधून, लाकडाच्या पाचरीने बसवायचे. माझ्या पाचरी सुटायच्या आणि केस गळ्यात पडायचे.

माझ्या व्हायोलिनला तारा चढल्या त्या संध्याकाळी ते अजून पांढरंच होतं, रोगण नसलेलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या एका पायामागे, आतल्या बाजूला, छोटी कांडी उभी करायची असते. इटालियनमध्ये तिला आत्मा म्हणतात. ती सरसाशिवाय, नुसत्या दाबावर उभी राहते, आणि वरच्या पाटीतल्या फटीतून वाकड्या सळईने उभी करताना हमखास पडते. माझा आत्मा अकरा वेळा पडला. शेवटी डॉक्टरांनी खिशातून दात तपासायचा आरसा काढून फटीत घातला आणि ते मला "जरा डावीकडे, अजून, बस" असं सांगत राहिले.

कांडी उभी राहिली. आरसा मात्र त्यांनी लगेच काढला नाही. तो थोडा फिरवला, वाकून पाहिलं आणि खोलीभर ओरडले, "अरे, ठिगळ दिसतंय!" मग एकेक जण रांगेत आला.

त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात पहिल्या दिवशी डॉक्टर माझं व्हायोलिन मागून घेत, फटीत आरसा घालत आणि नवख्यांना हाक मारत.