टाकीवाला पाय: लाइट आली की आपणहून उठतो, पण जरा लवकरच

गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजणारा रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक) महिनाभर चालू आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर, साठेक ओळींची पायथन स्क्रिप्ट. दर मिनिटाला फाइलीत नोंद आणि एमक्यूटीटीवरून (उपकरणांनी छोटे निरोप धाडायची पद्धत) मोबाइलला निरोप. मोजमाप पहिल्याच दिवशी जमलं. वेळ खाल्ला तो लाइट जाऊन आल्यावर कुणी हात न लावता स्क्रिप्ट सुरू होण्याने.

आधी बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की चालणारी फाइल) ओळ टाकली होती. तसं करू नका. एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून) आत शिरलो की दुसरी प्रत सुरू, आणि दोघी एकाच सेन्सरवर भांडतायत. मग क्रॉनटॅबमध्ये (कधी काय चालवायचं त्याची यादी) अ‍ॅट-रीबूट. रीबूट करून पाहिलं, चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, आली, आणि मोबाइल गप्प. पाय पाऊण मिनिटात उठतो, आमच्या राउटरला दोन मिनिटं लागतात! रीबूट करताना राउटर जागाच होता, म्हणून हे कळलंच नव्हतं. तेव्हापासून चाचणी म्हणजे घराचा मेन स्विच पाडायचा. घरच्यांची त्यावरची मतं इथे लिहीत नाही.

स्लीप १८० (तीन मिनिटं थांब) चिकटवून भागलं असतं, पण मन मानेना. सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करून सांभाळणारा) सर्व्हिस लिहिली. नुसतं नेटवर्क डॉट टार्गेट पुरत नाही. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला, एवढंच ते सांगतं, आयपी मिळाल्याचं नाही. हवं ते नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट, आणि तेही आफ्टर व वॉन्ट्स दोन्हींत. आफ्टर फक्त क्रम लावतो, बोलावणं धाडत नाही.

तरी एकदा पडलीच. त्या वाट पाहण्यालाही मुदत असते आणि आमचा राउटर मुदतीपेक्षा आळशी. रीस्टार्ट ऑन-फेल्युअर (पडलं तर पुन्हा उठव) होतं की! जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) उघडला तर शेवटची ओळ: ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. काही सांगितलं नाही तर सिस्टमडी ०.१ सेकंदात पुन्हा उठवतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवून झालं की नाद सोडतो. रीस्टार्टसेक (पुन्हा उठवण्याआधी किती सेकंद थांबायचं) १५ केल्यावर ते मिटलं.

पण मुळात वाय-फाय नाही म्हणून पाणी मोजणं का थांबावं? पाहोच्या (एमक्यूटीटीची पायथन लायब्ररी) कनेक्टऐवजी कनेक्ट-असिंक वापरलं, जोडणी मागाहून होऊ दे. नेटवर्क-ऑनलाइनच्या दोन्ही ओळी काढल्या. खूश होतो.

मग फाइल पाहिली. ३:१० ला लाइट गेली, ४:०५ ला आली; आल्यानंतरच्या पहिल्या दोन नोंदींवर वेळ ३:०९ आणि ३:१०, पुढची थेट ४:०८. पाय ३ वर बॅटरीचं घड्याळ नाही (पाय ५ पासून ते बोर्डावर आलं). उठताना तो शेवटची साठवलेली वेळ लावतो आणि इंटरनेट मिळाल्यावर सुधारतो. म्हणजे राउटरची वाट पाहणं सोडलं आणि घड्याळाची गाठ पडली. टाइम-सिंक डॉट टार्गेटसाठी (वेळ जुळेपर्यंत) स्क्रिप्ट थांबवता येईल, पण मग पुन्हा त्या राउटरचे पाय धरणं आलं.

म्हणून डीएस३२३१ (बॅटरीवर वेळ राखणारं घड्याळ) मागवलं. काल जोडलं, आयटूसी-डिटेक्टमध्ये (जोडलेल्या चिपांचे पत्ते दाखवणारी आज्ञा) त्याचा पत्ता ६८ दिसला, कॉन्फिगमध्ये ओव्हरलेची (कोणतं घड्याळ जोडलंय ते सांगणारी) ओळ टाकून रीबूट केल्यावर त्याच जागी यूयू. म्हणजे ड्रायव्हरने ताबा घेतला. साठवलेली वेळ लावणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकलंय.

उद्या दुपारी पुन्हा मेन स्विच. या वेळी राउटरचा प्लगही काढून ठेवणार आहे.