उड्या नाहीत, मग ह्यात अवघड काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी कोल्हापुरात लहान मुलांना रोलर स्केटिंग शिकवते, आणि पावसाळ्यात ग्राउंड ओलं असलं की मुलांना आत बसवून आइस डान्सचे, म्हणजे बर्फावर जोडीनं स्केटिंग करत करायच्या नाचाचे, व्हिडिओ दाखवते. न्यायला आलेले पालक पण मागं उभं राहून बघतात आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, छान आहे हो, पण ह्यात उड्या नाहीत काही नाहीत, नाचच आहे की, ह्याला ऑलिंपिकचं मेडल कशाला?" पोरांचे बूट सोडवता सोडवता ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं नीट सांगते.

उड्या नाहीत हे खरंच आहे. फिगर स्केटिंगमध्ये जोडीनं खेळायचे दोन प्रकार, पेअर्स आणि आइस डान्स. पेअर्समध्ये मुलगा मुलीला हात सरळ ताणून डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघं शेजारी शेजारी तीन-तीन फेऱ्यांच्या उड्या मारतात. आइस डान्समध्ये ह्यातलं काहीच चालत नाही. लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला उचलणं, असतात पण सात सेकंदांच्या, दोन जोडून एक केली तर बारा, वेळ ओलांडली की एक गुण कापला. मग लोकांना वाटतं सगळं अवघड काढूनच टाकलंय, आता राहिलं काय? राहिले ते पाय, आणि शेजारी एक दुसरा माणूस.

आधी पायांचं सांगते. ब्लेड साधारण चार मिलिमीटर जाड असतं आणि खालून मधोमध लांबलचक खोबण घासलेली असते, त्यामुळं त्याला दोन धारा येतात, आतली आणि बाहेरची. सपाट उभं राहिलं तर दोन्ही धारा बर्फाला लागतात आणि नाचातलं सगळं सौंदर्य तिथंच संपतं. खरं स्केटिंग म्हणजे कायम एकाच धारेवर, झुकून. जेवढं जास्त झुकाल तेवढं वळण खोल आणि वेग त्याच वळणातून येतो, ढकलून येत नाही, म्हणून चांगले डान्सर बघताना ते जोर लावताना दिसतच नाहीत आणि तरी रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, ह्या टोकाहून त्या टोकाला पोचलेले असतात. हे झुकणं आमच्या क्वाडवर, म्हणजे चार चाकांच्या स्केटवर पण शिकवता येतं, पाय कलला की खालचे ट्रक, म्हणजे चाकांचे आस, वळतात, पण मुलांना ते शिकवायला जेवढा काळ जातो तेवढा कशालाच जात नाही. परीक्षक नेमकं हेच बघतात, रिप्ले लावून बघतात, की वळताना धार स्वच्छ बदलली का सपाट झाली, आणि तेवढ्यावरून लेव्हल, म्हणजे ते किती अवघड धरायचं, हे ठरतं.

आणि हे सगळं दोघांनी करायचं, एकमेकांच्या पायात पाय असताना. आइस डान्सच्या बुटाचं ब्लेड टाचेमागं मुद्दाम आखूड ठेवलेलं असतं, का, तर मागं इंच-दोन इंचांवर जोडीदाराचं ब्लेड असतं. मला विचाराल तर ह्या खेळाबद्दलचं सगळं त्या कापलेल्या टोकात आहे. उडी मारणाऱ्याला भीती वाटली की तो शेवटच्या क्षणी उडी लहान करू शकतो, पण इथं भीती वाटून अर्धा फूट लांब सरकलात तर सगळ्यांना दिसतं आणि लगेच गुण जातात. मग ट्विझल नावाचा प्रकार, एका पायावर गर्रकन चार-चार फेऱ्या घेत पुढं जात राहायचं, तेही दोघांनी एकाच वेळी, एकाच वेगानं. उडी फसली तर पुढच्या उडीत थोडं भरून काढता येतं, ट्विझलमध्ये एकाचा पाय जरा डगमगला की दोघांचा ताल तुटला आणि वर्षाची मेहनत तिथंच गेली.

लिफ्टचं म्हणाल तर खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवान समोरच्याला उचलतो तेव्हा त्याचे दोन्ही पाय मातीत रुतलेले असतात. इथं उचलणारा कधी कधी एकाच पायावर असतो, तोही वळत, गुडघा वाकवून, आणि वर असलेली मुलगी त्याच वेळी तिच्या अंगाची मांडणी बदलत असते. पडलं तर काय होतं? २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या मारी-फ्रान्स द्युब्रुइ लिफ्टमधून बर्फावर पडल्या, कंबरेला मार बसला, आणि त्यांना आणि पात्रीस लोझाँना स्पर्धाच सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात दोघं वर्ल्ड्सला, म्हणजे जागतिक स्पर्धेला, उतरले आणि रौप्य घेऊन आले. आज माँट्रियलमध्ये त्यांचीच अकॅडमी आहे आणि जगातल्या कितीतरी मोठ्या जोड्या त्यांच्याकडे शिकतात. तेव्हा "ह्यात लागत तर नाही ना" असं विचारणाऱ्या आयांना मी हेच सांगते, लागतं.

नाच म्हणाल तर तो सुद्धा खराखुरा नाच लागतो. २०१० च्या सीझनला जोड्यांना लोकनृत्याचा विषय होता आणि अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइटनी हिंदी गाणी घेतली, 'कजरा रे', 'डोला रे डोला', आणि जाणकाराकडून आपल्या हातांच्या मुद्रा, मानेची हालचाल शिकून घेतली. आमच्या वर्गात हा व्हिडिओ लावला की मुली आपोआप उभ्या राहतात. व्हँकुव्हरला त्यांना रौप्य मिळालं आणि २०१४ ला सोचीत सुवर्ण, अमेरिकेचं आइस डान्समधलं पहिलं सुवर्ण. दोघं १९९७ पासून, म्हणजे अगदी शाळकरी वयापासून एकत्र खेळत होते.

आता मला खरं जे सांगायचंय ते. ह्या खेळात करिअर एकट्याचं नसतंच. धावपटू जखमी झाला तर त्याचं वर्ष जातं, इथं एक जखमी झालं तर दोघांचं जातं. कॅनडाची टेसा व्हर्च्यू सात वर्षांची होती आणि स्कॉट मॉयर नऊ, तेव्हा स्कॉटच्या मावशीनं, म्हणजे आँटीनं, जी कोच होती, तिनं दोघांची जोडी लावली. पुढं टेसाच्या पोटऱ्या नि नडग्यांत असा त्रास सुरू झाला की व्यायाम केला की स्नायूंत दाब वाढून चालणं मुश्कील, दोनदा ऑपरेशन झालं, २००८ ला आणि २०१० ला. ती बरी होत होती तेव्हा स्कॉट रिंकवर वाळूची पोती घेऊन सराव करायचा. दुसरी कुणी मुलगी घेऊन पुढं गेला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण थांबला, आणि २०१० ला घरच्या मैदानावर, व्हँकुव्हरमध्ये, दोघांनी सुवर्ण जिंकलं. २०१४ ला रौप्य, मग दोन वर्षं स्पर्धेतून बाहेर, परत आले आणि २०१८ ला प्याँगचांगमध्ये परत सुवर्ण.

त्या २०१८ च्या फायनलचं तर मी कुणालाही तासभर सांगू शकते. टेसा-स्कॉट २०६.०७, फ्रान्सचे गॅब्रिएला पापाडाकिस आणि गियोम सिझेरॉन २०५.२८. एक गुणाचा सुद्धा फरक नाही. स्पर्धा दोन भागांत असते, आधी शॉर्ट डान्स, मग फ्री डान्स, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज. आणि आदल्या दिवशी शॉर्ट डान्समध्ये गॅब्रिएलाच्या ड्रेसचा मानेमागचा हूक सुरुवातीलाच निघाला होता, सगळं जग बघतंय, कपडा सांभाळायचा, धार सांभाळायची, जोडीदाराला सांभाळायचं, आणि ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी फ्री डान्समध्ये सगळ्यात जास्त गुण त्या दोघांचेच होते. चार वर्षांनी बीजिंगला सुवर्ण त्यांनी घेतलंच.

पैशाचं पण विचारता तुम्ही. ब्रिटनची जेन टॉरव्हिल इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लार्क होती आणि ख्रिस्तोफर डीन पोलीस, नोकरी सांभाळून वेळी-अवेळी सराव चालायचा, शेवटी त्यांच्या गावच्या, नॉटिंगहॅमच्या सिटी कौन्सिलनं पैसे दिले तेव्हा दोघांना नोकरी सोडता आली. शाहू महाराजांनी पैलवान सांभाळले त्या गावातल्या लोकांना ह्याचं मोल सांगायला नको. १९८४ ला सारायेव्होत त्यांनी राव्हेलच्या 'बोलेरो'वर डान्स केला. संगीत नियमापेक्षा काही सेकंद लांब होतं आणि घड्याळ ब्लेड बर्फाला लागल्यावर सुरू व्हायचं, म्हणून दोघांनी सुरुवात गुडघ्यांवर बसून केली. कलात्मकतेचे नऊच्या नऊ परीक्षकांचे पूर्ण सहा गुण. मी तो व्हिडिओ अजून दर वर्षी बघते आणि दर वेळी पायांकडेच बघते.

जोडीदार मिळणं हीच मोठी अडचण, कारण मुली भरपूर आणि मुलगे कमी. मग लोक दुसऱ्या देशात जातात, आणि ऑलिंपिकला दोघांचं नागरिकत्व एकच लागतं. टॅनिथ बेल्बिन कॅनडाची, जोडीदार बेन अगोस्टो अमेरिकेचा. तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ३१ डिसेंबर २००५ ला, तेही संसदेनं खास तरतूद केली म्हणून, आणि फेब्रुवारीत तुरीनला दोघांनी रौप्य घेतलं. आणि हो, ते "मग ह्यांचं लग्न झालंय का" पण सगळे विचारतात. टेसा-स्कॉटचं नाही, टॉरव्हिल-डीनचं नाही, अमेरिकेच्या मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्सचं २०२४ ला झालं. बर्फावर जे दिसतं ते रोजच्या सरावातून तयार केलेलं असतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्याचा जास्त आदर करावा.

आता ज्यांची मुलगी घरी जाऊन "मला हेच करायचंय" म्हणते त्यांना. कोल्हापुरात बर्फ नाही, शिमल्याचा रिंक १९२० पासूनचा आहे पण तो थंडीतच गोठतो, आणि डेहराडूनचा रिंक आपल्याला लांब पडतो. पण रोलरमध्ये कपल डान्स आहे, सोलो डान्स पण आहे, म्हणजे जोडीदार मिळेपर्यंत मुलगी अडून बसत नाही. स्पीडची घाई करू नका, पहिलं वर्ष मी फक्त झुकायला शिकवणार, आतली धार, बाहेरची धार, पुढं, मागं. कंटाळली तर मला सांगा, तिला परत व्हिडिओ दाखवते.